डॉलरचा गुणाकार आणि घरभाड्याची वजाबाकी

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी कॅनडात जाण्याचे ठरले की घरात एक गुणाकार हमखास केला जातो. तिकडे मिळू शकणारा पगार डॉलरमध्ये मांडायचा, त्या दिवशीच्या विनिमय दराने त्याला गुणायचे आणि आलेला आकडा लाखांत वाचायचा. कॅनडाचा डॉलर अलीकडच्या काही वर्षांत बहुतांशी साठ रुपयांच्या वर राहिला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तो साठ रुपयांचा धरला, तर वर्षाला ५० हजार डॉलर म्हणजे ३० लाख रुपये होतात. पुणे असो वा इंदूर, बडोदे असो वा बेळगाव, नव्याने पदवीधर झालेल्या मुलाला एवढे वेतन सहसा मिळत नाही. साहजिकच ३० लाखांचे शैक्षणिक कर्ज दोन-तीन वर्षांत फिटेल, असा विश्वास कुटुंबाला वाटू लागतो. त्या विश्वासावर राहते घर तारण ठेवले जाते आणि निवृत्तीला आलेले वडील सहकर्जदार म्हणून सही करतात.

अंकगणिताच्या दृष्टीने हा गुणाकार बरोबर आहे. मात्र ज्या शहरात तो पगार मिळतो, त्याच शहरात तो खर्चही व्हायचा असतो आणि ही वजाबाकी घरच्या कागदावर क्वचितच मांडली जाते. टोरांटो हे कॅनडातील सर्वांत मोठे शहर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती, तर मिसिसागा, ब्रॅम्प्टन यांसारखी लगतची शहरे धरून महानगर क्षेत्राची ६२ लाख. या महानगरात राहण्याचा खर्च किती, असे विचारले तर त्याला एकच उत्तर देता येत नाही. माणूस तेथे कोणत्या वर्षी येऊन स्थिरावला, यावर ते उत्तर अवलंबून असते. सरासरीचे आकडे वाचून किंवा तेथे पंचवीस वर्षे राहिलेल्या आप्तांच्या भरवशावर कर्जाचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबांनी हे वास्तव आधी समजून घेणे आवश्यक आहे.

खर्चाचा मोठा वाटेकरी : घर

टोरांटोतील महागाईची चर्चा सुरू झाली की दूध, भाजी आणि पेट्रोल यांचे भाव पुढे येतात. ते वाढले हे खरेच आहे. जून २०२२ मध्ये कॅनडातील ग्राहक महागाईचा दर ८.१ टक्क्यांवर पोहोचला होता. पुढे तो खाली आला. परंतु महागाईचा दर उतरला म्हणजे भाव पूर्वपदावर येत नाहीत, ते वाढण्याचा वेग फक्त मंदावतो. ऑन्टारिओ प्रांतात बहुतेक वस्तूंवर १३ टक्के विक्रीकर लागतो आणि दुकानातील पट्टीवर लिहिलेल्या किमतीत तो सहसा धरलेला नसतो. एवढाच दिलासा, की धान्य, दूध, भाजी अशा मूलभूत खाद्यपदार्थांवर तो आकारला जात नाही.

तरीही किराणा मालाने कुटुंबाचे अंदाजपत्रक मोडत नाही. ते मोडते घरभाड्याने. टोरांटोत एका शयनगृहाच्या सदनिकेसाठी नव्या भाडेकरूकडे मागितले जाणारे सरासरी भाडे २०२३ मध्ये महिना २,५०० डॉलरच्या वर गेले होते. त्यानंतर भाडी काहीशी उतरली, पण २०२५ मध्येही ती २,३०० डॉलरच्या आसपास होती. कॅनडाची गृहनिर्माण व गृहकर्ज महामंडळ ही सरकारी संस्था कुटुंबाच्या करपूर्व उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून कमी खर्च निवाऱ्यावर होत असेल, तरच ते घर परवडणारे मानते. महिना २,३०० डॉलर भाडे या मोजपट्टीत बसवायचे, तर वार्षिक उत्पन्न ९२ हजार डॉलर हवे. टोरांटो शहरातील निम्म्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न २०२१ च्या जनगणनेत ८४ हजार डॉलरपेक्षा कमी आढळले होते आणि तेही एका व्यक्तीचे नव्हे, पुष्कळदा दोघांच्या मिळकतीचे.

या ताणाचे एक चित्र अन्नछत्रांच्या दारात दिसते. डेली ब्रेड फूड बँक ही टोरांटोतील मोठी सेवाभावी संस्था आपला अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करते. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात शहरातील अन्नपेढ्यांना सुमारे ३५ लाख भेटी दिल्या गेल्या आणि शहरातील दहांपैकी एकाहून अधिक रहिवासी अशा मदतीवर विसंबून आहेत, असे त्या अहवालात नमूद होते. जगातील संपन्न देशाच्या आर्थिक राजधानीत हे घडते, कारण भाडे भागवल्यावर हातात उरते त्यातून जेवणाचे भागवावे लागते.

आधी आलेले आणि नंतर आलेले

ऑन्टारिओ प्रांतात भाडेनियंत्रण आहे. चालू भाडेकरूचे भाडे दरवर्षी किती टक्क्यांनी वाढवता येईल, हे प्रांत सरकार जाहीर करते आणि ही मर्यादा २.५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती २.५ टक्के होती. २०२६ साठी २.१ टक्के ठरली. २०२१ मध्ये तर साथीच्या संकटामुळे भाडेवाढ गोठवण्यात आली होती. हे वाचून कोणासही वाटावे, की भाडेकरू येथे सुखात असणार.

तथापि या कायद्यात दोन मोठ्या फटी आहेत. पहिली अशी, की १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच वापरात आलेल्या घरांना ही मर्यादा लागू नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची. जुना भाडेकरू घर सोडून गेला, की मालक पुढच्या भाडेकरूसाठी बाजारभावाने वाटेल ते भाडे ठरवू शकतो. नियंत्रण माणसाला मिळते, घराला मिळत नाही.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जुन्या इमारतीत २०१५ मध्ये १,२०० डॉलर भाडे ठरवून एक भाडेकरू राहू लागला, असे समजू. तेव्हापासून दरवर्षी मालकाने सरकारमान्य वाढ पूर्णपणे घेतली असे धरले, तरी २०२५ मध्ये त्याचे भाडे सुमारे १,४३५ डॉलर होते. त्याच मजल्यावरील तशीच सदनिका २०२५ मध्ये नव्याने घेणाऱ्यास २,२०० ते २,३०० डॉलर मोजावे लागतात. भिंत एक, जिना एक, बसथांबा एक. पण दोघांच्या खर्चात वर्षाला सुमारे दहा हजार डॉलरचे अंतर. मुंबईतील पागडीच्या चाळींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटणार नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. कायद्यानुसार मालकास अनामत म्हणून जास्तीत जास्त एका महिन्याचे भाडे घेता येते; ते शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळते करावे लागते आणि त्यावर व्याजही द्यावे लागते. मोडतोडीसाठी वेगळी अनामत मागता येत नाही. मात्र स्वयंपाकघर किंवा स्नानगृह घरमालकाच्या कुटुंबासमवेत वापरावे लागत असेल, तर निवासी भाडेकरार कायदा त्या भाडेकरूला लागूच होत नाही. तळघरातील किंवा मालकाच्याच घरातील एखादी खोली घेऊन राहणारे अनेक विद्यार्थी नकळत या संरक्षणाबाहेर जातात. खोली घेताना भाड्याच्या आकड्याइतकाच हा प्रश्नही विचारला पाहिजे.

स्वतःचे घर आणि पाच वर्षांची मुदत

'सुरुवातीला सर्वांनाच त्रास होतो, पुढे घर झाले की सारे सुरळीत होते,' असा दिलासा पूर्वी गेलेली मंडळी देतात. त्यांच्या अनुभवात खोटे काही नाही. १९९६ मध्ये टोरांटो परिसरात घराची सरासरी किंमत दोन लाख डॉलरच्या आत होती. २०२४ मध्ये ती सुमारे ११ लाख डॉलर होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर तिने १३ लाखांचा टप्पाही ओलांडला होता आणि त्यानंतर ती उतरली. ८४ हजार डॉलर हे मधल्या कुटुंबाचे उत्पन्न धरले, तर घराची किंमत ढोबळमानाने त्या उत्पन्नाच्या तेरा पट होते. १९९६ च्या ग्राहकाने जे घर नोकरीच्या बळावर घेतले, ते आज त्याच नोकरीच्या बळावर घेता येईल, असे मानण्यास आधार नाही.

गृहकर्जाची तेथील रचनाही बँकिंग क्षेत्रातील वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे. कर्जाची परतफेड साधारणतः २५ वर्षांत व्हायची असते. परंतु व्याजदर प्रायः पाच वर्षांपुरताच ठरतो आणि मुदत संपली की त्या वेळच्या दराने नूतनीकरण करावे लागते. साथीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, बँक ऑफ कॅनडाने धोरणात्मक दर ०.२५ टक्क्यावर आणला. मार्च २०२२ पासून तो चढत गेला आणि जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर पोहोचला. जून २०२४ पासून कपात सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो २.२५ टक्क्यांवर आला.

या चढउताराचा अर्थ हप्त्याच्या भाषेत पाहावा. ११ लाखांच्या घरासाठी २० टक्के रक्कम, म्हणजे २ लाख २० हजार डॉलर, पदरची घालून उरलेल्या ८ लाख ८० हजारांचे कर्ज २५ वर्षांसाठी घेतले, तर २ टक्के दराने मासिक हप्ता सुमारे ३,७३० डॉलर येतो. तेच कर्ज ५ टक्के दराने घेतले, तर हप्ता सुमारे ५,१२० डॉलर होतो. ८४ हजार वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाची करपूर्व मासिक मिळकत असते ७,००० डॉलर. शिवाय अशा कुटुंबाला एवढे कर्ज मंजूरही होणार नाही. २०१८ पासून विस्तारलेल्या नियमानुसार, ठरलेल्या दरापेक्षा दोन टक्के अधिक दर आकारला तरी हप्ता पेलेल काय, याची चाचणी बँकेला घ्यावी लागते. घर खरेदी करताना हस्तांतरण कर दोनदा द्यावा लागतो, एक प्रांताचा आणि दुसरा २००८ पासून लागू झालेला टोरांटो शहराचा. पहिल्यांदा घर घेणाऱ्यास त्यात काही सूट मिळते, एवढेच.

अर्थात कमी दराच्या काळात घर घेतलेल्यांनाही नूतनीकरणाच्या वेळी झळ बसली. तरीसुद्धा ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी घर घेतले, त्यांचे कर्ज एव्हाना बहुधा फिटले आहे आणि घराची किंमत अनेक पटींनी वाढली आहे. म्हणून एकाच समाजातील, एकाच गणेशोत्सवाला एकत्र येणारी दोन मराठी कुटुंबे एकाच शहराविषयी परस्परविरोधी माहिती देऊ शकतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असू शकते.

शहर जे देते ते

तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. टोरांटोतील रहिवाशाला प्रांताच्या आरोग्य विमा योजनेतून डॉक्टर व रुग्णालयाची सेवा बिल न भरता मिळते. सरकारी शाळांत नागरिकांच्या व स्थायी रहिवाशांच्या मुलांना शुल्क नसते. २०१६ पासून पात्र पालकांना करमुक्त बालभत्ता मिळतो. पाळणाघरांचे शुल्क पूर्वी कुटुंबाचे कंबरडे मोडत असे. मार्च २०२२ मध्ये ऑन्टारिओने केंद्र सरकारशी करार केल्यानंतर ते कमी होत गेले आणि जानेवारी २०२५ पासून योजनेत सहभागी पाळणाघरांत ते दिवसाला कमाल २२ डॉलरवर आले. मोटार न बाळगता शहरात फिरता येते. भुयारी रेल्वे, ट्राम व बस यांचे प्रौढांचे भाडे कार्डाने ३ डॉलर ३० सेंट असून त्यात दोन तासांपर्यंत गाड्या बदलता येतात. फेब्रुवारी २०२४ पासून लगतच्या शहरांच्या बससेवेत जातानाही वेगळे भाडे पडत नाही.

म्हणजे टोरांटोत सर्वच काही महाग आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र या सोयींचा मोठा भाग कायमचा रहिवासी झाल्यावर किंवा मुलेबाळे झाल्यावर उपयोगी पडतो. शिक्षणासाठी गेलेल्या एकट्या तरुणाला यातील बसभाड्याची सवलत तेवढी पहिल्या दिवसापासून मिळते. परदेशी विद्यार्थी प्रांताच्या आरोग्य योजनेतही सर्वसाधारणपणे मोडत नाहीत. त्यांना संस्थेमार्फत विमा घ्यावा लागतो. भाडे मात्र पहिल्या दिवसापासून आजच्या भावाने द्यावे लागते. पतइतिहासाचेही तसेच. कॅनडात पतगुणांक ३०० ते ९०० या श्रेणीत मोजतात, आपल्याकडेही तसाच. तेथील दोन प्रमुख पतमाहिती कंपन्यांपैकी ट्रान्सयुनियन हीच आपल्याकडील सिबिलमागची कंपनी आहे. तरीही भारतात कमावलेला गुणांक विमानासोबत आपोआप तेथे जात नाही. चांगली पत असलेला माणूसही तेथे नवखा ठरतो आणि घर भाड्याने मिळवताना अडतो.

विद्यार्थ्यांचा ताळेबंद

कॅनडात शिकण्याचा परवाना मागताना शिक्षणशुल्क व प्रवासखर्चाखेरीज पहिल्या वर्षाच्या उदरनिर्वाहाची रक्कम हाताशी असल्याचे दाखवावे लागते. एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम दोन दशकांच्या आसपास १० हजार डॉलर एवढीच राहिली. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ डॉलर झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर. अनेक विद्यार्थी ही रक्कम कॅनडातील बँकेत गॅरंटीड इन्व्हेस्टमेंट सर्टिफिकेट या मुदत ठेवीसारख्या स्वरूपात ठेवतात. पोहोचल्यावर तिचा काही भाग आणि उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने विद्यार्थ्याच्या हाती पडते.

या आकड्याचा अर्थ मात्र नीट ध्यानात घेतला जात नाही. कॅनडाची सांख्यिकी संस्था अल्प उत्पन्नाची एक रेषा काढते. तिच्या खाली असलेल्या कुटुंबाला अन्न, वस्त्र आणि निवारा यांवर सर्वसाधारण कुटुंबापेक्षा मिळकतीचा बराच मोठा वाटा खर्चावा लागतो. परवान्यासाठीची रक्कम ही त्या रेषेच्या ७५ टक्के आहे. ज्या रकमेला विद्यार्थ्याचे कुटुंब 'पुरेशी' समजते, ती कॅनडाच्याच मोजमापात अल्प उत्पन्नाच्या तीनचतुर्थांश आहे. महिन्याला ती सुमारे १,९०० डॉलर पडते. टोरांटोतील एक खोली साधारण हजार डॉलरची धरली, तर निम्म्याहून अधिक रक्कम छपरावरच जाते.

'अर्धवेळ काम करून भागेल' या विधानाचीही छाननी व्हावी. ८ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणसत्र चालू असताना संस्थेबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे. ऑन्टारिओतील किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १७ डॉलर ६० सेंट झाले. पूर्ण २४ तास काम मिळाले, तर चार आठवड्यांचे सुमारे १,६९० डॉलर होतात आणि त्यातून सक्तीची वजावट होते. एवढ्यात खोली आणि जेवण कसेबसे भागते. शिक्षणशुल्क यातून निघणे शक्य नाही. टोरांटो विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क ६० हजार डॉलरच्या घरात आहे. शिवाय किमान वेतन आणि सन्मानाने जगण्यापुरते वेतन यांतही अंतर आहे. ऑन्टारिओ लिव्हिंग वेज नेटवर्क या संस्थेने २०२४ मध्ये टोरांटो परिसरासाठी जीवननिर्वाह वेतन ताशी २६ डॉलर काढले, तेव्हा किमान वेतन १७ डॉलर २० सेंट होते.

कर्जाचा हप्ता आणि छप्पर

आता मूळ गुणाकाराकडे वळता येईल. शिक्षण संपले आणि ५० हजार डॉलर वार्षिक वेतनाची नोकरी मिळाली. कर, निवृत्तिवेतन निधी आणि रोजगार विमा यांची वजावट होऊन महिन्याला सुमारे ३,३०० डॉलर हाती येतात. भारतातील ३० लाखांच्या कर्जाचे व्याज शिक्षणकाळातच भरले गेले असे मानले, तरी १० टक्के दराने दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ३९,६५० रुपये, म्हणजे ६६० डॉलर येतो. जेवणाला ४००, रोजच्या प्रवासाला १४५, दूरध्वनी व इंटरनेटला ८० आणि हिवाळी कपडे, औषधे, किरकोळ गरजा यांना ३०० डॉलर धरले, तर भाड्याखेरीजचा घरखर्च ९२५ डॉलर होतो.

तो तरुण हजार डॉलरच्या खोलीत राहिला, तर हप्ता भरून ७१५ डॉलर शिल्लक राहतात. तोच २,३०० डॉलरच्या स्वतंत्र सदनिकेत राहिला, तर हप्ता भरताना दरमहा ५८५ डॉलर कमी पडतात. पगार तोच, जेवण तेच, कर्जही तेच. पुण्यातील किंवा इंदूरमधील तारण ठेवलेले घर सुरक्षित राहणार की नाही, हे टोरांटोतील भाडेकरारावर ठरते. हा संबंध कर्जाच्या अर्जात कोठेही लिहिलेला नसतो. आणि तीस लाखांच्या पगारातून तीस लाखांचे कर्ज दोन-तीन वर्षांत फिटेल, ही अपेक्षा काटकसरीच्या हिशेबातही उतरत नाही. शिलकीची सगळी रक्कम कर्जातच घातली तरी चार वर्षांच्या आसपास लागतात. नोकरी मिळण्यास सहा महिने उशीर झाला, तर आणखी.

दोष कोणाचा, उपाय कोणता

या परिस्थितीचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या माथी मारणे उचित नाही. २०२३ मध्ये कॅनडाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली. १९५७ नंतरची ती सर्वांत मोठी वाढ होती. परदेशी विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या भरघोस शुल्कावर शिक्षणसंस्था विसंबत गेल्या आणि त्या विद्यार्थ्यांनी राहायचे कोठे, याची जबाबदारी कोणी घेतली नाही. टोरांटोच्या निवासी जमिनीचा मोठा भाग दीर्घकाळ स्वतंत्र बंगल्यांपुरता राखीव होता. सर्व निवासी भागांत चार घरांपर्यंतच्या लहान इमारतींना परवानगी मे २०२३ मध्ये मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्यानंतर भाडी उतरू लागली. १० हजार डॉलरचा कालबाह्य आकडा एवढी वर्षे कायम ठेवणे ही मात्र गंभीर उणीव होती. त्या आकड्यावर विसंबून हजारो मैलांवरच्या कुटुंबांनी आयुष्याची पुंजी पणाला लावली.

परदेशी जाऊच नये, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. ज्ञान, अनुभव आणि संधी यांचे मोल केवळ हप्त्यात मोजता येत नाही. परंतु तारण ठेवलेल्या घराचे मोल हप्त्यातच मोजले जाते, याचेही भान हवे. म्हणून कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी घरात एक बैठक व्हावी आणि तीत काही गोष्टी कागदावर मांडल्या जाव्यात. पगाराचा आकडा रुपयांत न आणता खर्चही डॉलरमध्येच लिहावा. भाड्याची चौकशी मागील वर्षभरात तेथे गेलेल्या विद्यार्थ्याकडे करावी. जुन्या आप्तांचा आधार मोलाचा असतो, पण त्यांचे भाडे वेगळ्या काळातले असते. परवान्यासाठी लागणारी रक्कम ही किमान अट समजावी, तिला अंदाजपत्रक समजू नये. नोकरी मिळण्यास सहा महिने ते वर्ष लागले, तर हप्ता कोण भरणार, याचे उत्तर सहकर्जदाराने सही करण्यापूर्वी द्यावे. अधिस्थगन काळात व्याज साठत असते. ते त्याच काळात थोडे थोडे भरत गेल्यास पुढचा भार हलका होतो. परदेशी रक्कम पाठवताना उदारीकृत प्रेषण योजनेची आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि उगमस्थानी करसंकलनाचे नियम पाहून घ्यावेत. १ एप्रिल २०२५ पासून या करासाठीची मर्यादा १० लाख रुपये झाली असून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो आकारला जात नाही.

बँकेच्या शाखेतील अधिकाऱ्याचीही यात एक भूमिका आहे. तारणाचे मूल्यांकन, उत्पन्नाचे दाखले आणि प्रवेशपत्र तपासले की प्रस्ताव नियमानुसार पूर्ण होतो. त्यापुढे जाऊन 'तेथे महिन्याला भाडे किती पडेल, याची चौकशी केली आहे का?' एवढा एक प्रश्न विचारला, तर तो नियमात नसला तरी ग्राहकाच्या हिताचा ठरेल. अशा चौकशीनंतर एखादे कुटुंब कमी खर्चाचे शहर निवडेल, एखादे लहान कर्ज घेईल, एखादे वर्षभर थांबून बचत वाढवेल आणि काही जण टोरांटोलाच जातील. जे जातील, ते निदान पहिल्या महिन्याच्या भाड्याने गोंधळून जाणार नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. परदेशातील अंथरूण किती लांबीचे आहे, हे विनिमय दर सांगू शकत नाही. ते त्या शहरातील आजचे घरभाडे सांगते. कर्जाच्या कागदांवर सह्या होण्याआधी ती चौकशी झाली, तर मुलाचे भवितव्य आणि आईवडिलांचे छप्पर या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर येणार नाही.